रेडिट: राजकारणाला दोन तारे, मदतीला चार

तारे द्यायचेच झाले तर रेडिट या चर्चेच्या साइटला राजकीय चर्चेसाठी पाचपैकी दोन, ताज्या बातम्यांसाठी तीन आणि अनोळखी माणसांच्या मदतीसाठी चार. साइट एकच, पण आकडे वेगळे. २००५ साली स्टीव्ह हफमन आणि अलेक्सिस ओहानियन यांनी सुरू केलेल्या या साइटवर २००८ पासून कोणालाही स्वतःचं सबरेडिट, म्हणजे एखाद्या विषयासाठीचा चर्चेचा कट्टा, काढता येतं. वर-खाली मत देण्याची यंत्रणा सगळीकडे सारखीच आहे. तिला लगाम घालण्याचं काम त्या त्या सबरेडिटवर देखरेख करणारे बिनपगारी मॉडरेटर करतात, आणि अनुभव चांगला की वाईट हे त्यांच्या नियमांवर ठरतं. म्हणून नव्या सबरेडिटात शिरल्यावर पोस्ट वाचण्याआधी बाजूच्या पट्टीतले नियम वाचावेत. मोबाइल अॅपमध्ये ते सबरेडिटच्या नावावर टिचकी मारल्यावर दिसतात, आणि बहुतेक लोक तिथपर्यंत जातच नाहीत.

आधी मतांचं गणित, कारण निम्म्या तक्रारी तिथूनच निघतात. रेडिटचा कोड २०१७ पर्यंत सर्वांना पाहण्यासाठी खुला होता. सध्या चर्चेत असलेल्या पोस्टच्या ‘हॉट’ यादीचं त्यातलं सूत्र लॉगरिदमवर चालायचं: पोस्टला पहिल्या १० मतांनी जेवढी उंची मिळते, तेवढीच आणखी मिळवायला एकूण मतं १०० व्हावी लागतात. शिवाय साडेबारा तास उशिरा आलेल्या पोस्टला जुन्या पोस्टच्या बरोबरीला यायला दहावा हिस्सा मतं पुरायची. आता होम फीडमध्ये शिफारशींची भर पडली आहे, पण सुरुवातीच्या मतांचं महत्त्व कमी झालेलं नाही. बातमीवर पहिल्या काही मिनिटांत जो मथळा वाचून शेरा मारतो तो वर चढतो. पूर्ण लेख वाचून तासाभरानं लिहिणारा तळाशी राहतो. ताज्या बातम्यांचा एक तारा इथेच जातो.

याला उपाय आहे. प्रतिक्रियांची क्रमवारी मुळात ‘बेस्ट’ असते. ती नुसती बेरीज-वजाबाकी करत नाही; अनुकूल मतांचं प्रमाण आणि मतांची एकूण संख्या दोन्ही धरते, त्यामुळे १० पैकी १० मतं मिळालेली उशिराची प्रतिक्रियाही वर येऊ शकते. तरीही एकच क्रमवारी वाचून उठू नये. ‘बेस्ट’मधल्या पहिल्या प्रतिक्रियेखालची उत्तरं उघडून पाहावीत, कारण चूक दाखवणारा बहुतेक वेळा तिथे असतो. मग ‘कॉन्ट्रोव्हर्शियल’ लावावं. तिथे दोन्ही बाजूंनी भरपूर मतं पडलेल्या प्रतिक्रिया येतात. त्यात कचरा असतो, पण त्या सबरेडिटला न आवडणारी खरी माहितीही तिथेच सापडते. सगळ्यात नव्या प्रतिक्रिया आधी दाखवणारं ‘न्यू’ फक्त घटना घडत असताना कामाचं, तेही मॉडरेटरनं सगळ्यात वर चिकटवलेली प्रतिक्रिया आधी वाचून. मतांच्या आकड्यावर फार विसंबू नये. फसवणूक रोखण्यासाठी रेडिट तो मुद्दाम थोडा मागेपुढे दाखवतं, आणि अनेक सबरेडिटांत सुरुवातीचा काही काळ तो लपवलेलाच असतो.

गर्दी तपासाला बसली की काय होतं याचं उदाहरण एप्रिल २०१३ मधलं आहे. बोस्टन मॅरेथॉनमधल्या बॉम्बस्फोटांनंतर रेडिटवर लोकांनी फोटो चाळून संशयित ‘शोधायला’ घेतले आणि बेपत्ता असलेल्या एका निरपराध विद्यार्थ्याचं नाव पसरवलं. त्याच्या कुटुंबानं तो मनस्ताप सोसला. तो विद्यार्थी नंतर मृतावस्थेत सापडला, स्फोटांशी त्याचा काहीही संबंध नव्हता. रेडिटनं जाहीर माफी मागितली. कोणाचं नाव, फोटो, वाहनाचा क्रमांक फिरवणारी पोस्ट दिसली तर मत देण्याच्या भानगडीत न पडता सरळ ‘रिपोर्ट’ करावं. खाली दिलेल्या मतानं पोस्ट मागे सरते, पण हटत नाही.

राजकारणाकडे वळू. खाली जाणारा बाण असंबद्ध प्रतिक्रिया मागे सारण्यासाठी आहे, असं रेडिट स्वतः सांगतं. प्रत्यक्षात तो नावडतं मत दाबायला वापरला जातो. उणे मतं मिळालेली प्रतिक्रिया मिटवून दाखवली जाते, लिहिणाऱ्याचा कर्मा, म्हणजे मतांतून साठलेले गुण, घटतो, तो निघून जातो. उरतात एकमेकांच्या होत हो मिसळणारे. मोठ्या राजकीय सबरेडिटांचं हे दुखणं कोणत्याही एका पक्षापुरतं नाही. डावं असो वा उजवं, ज्या बाजूची संख्या आधी जमली तिचंच घर होतं.

अपवाद आहेत, आणि ते पाहण्यासारखे आहेत. ‘न्यूट्रल पॉलिटिक्स’ या सबरेडिटमध्ये वस्तुस्थितीचं विधान केलं की त्याला स्रोताचा दुवा द्यावाच लागतो; दिला नाही तर प्रतिक्रिया जाते, ती कितीही लोकप्रिय असो. ‘आस्क हिस्टोरियन्स’ २० वर्षांच्या आतल्या घडामोडींवर प्रश्नच घेत नाही, त्यामुळे चालू राजकारणाची चिखलफेक दारातच थांबते. ‘चेंज माय व्ह्यू’ची रचना सगळ्यात चतुर आहे. मत मांडणाऱ्यानं किमान ५०० अक्षरांत कारणं लिहायची, पोस्ट टाकल्यापासून तीन तासांच्या आत उत्तरं द्यायला सुरुवात करायची, आणि कोणी मत थोडंसंही बदलवलं तर त्याला ‘डेल्टा’ हे मानचिन्ह द्यायचं. बदल कशामुळे झाला हे लिहिल्याशिवाय डेल्टा मंजूर होत नाही. हार मानण्याला इथे बक्षिसाचं रूप दिलंय, आणि वादाचा सूर तेवढ्यानंच उतरतो. शिव्या खायच्या नसतील तर राजकीय मत लिहायला सुरुवात इथून करावी.

मात्र याच सबरेडिटवर झुरिक विद्यापीठाच्या संशोधकांनी काही महिने एआयनं लिहिलेल्या हजाराहून अधिक प्रतिक्रिया गुपचूप टाकल्या, त्याही खोट्या ओळखी घेऊन. एप्रिल २०२५ मध्ये मॉडरेटरांनी हे उघड केलं. इतकी काटेकोर जागासुद्धा सुटली नाही, तेव्हा ‘मी स्वतः या व्यवसायात आहे’ अशी सुरुवात पाहून विश्वास टाकू नये. दाव्यामागचा दुवा उघडावा. नसेल तर मागावा.

नवख्यांची हमखास तक्रार असते ती पोस्ट ‘गायब’ होण्याची. बरीच सबरेडिट खात्याचं वय आणि कर्मा यांची किमान अट घालतात, आणि ऑटोमॉडरेटर नावाचा आपोआप चालणारा बॉट अट न भरणारी पोस्ट काढून टाकतो. लिहिणाऱ्याला ती कधी कधी दिसत राहते, इतरांना नाही. तपासायचं तर पोस्टचा दुवा लॉगआउट केलेल्या खिडकीत उघडून पाहावा. काढलेली असेल तर तीच पोस्ट पुन्हा पुन्हा टाकू नये, त्यानं स्पॅमचा शिक्का बसतो. सगळ्या मॉडरेटरांना दिसणाऱ्या सबरेडिटच्या ‘मॉडमेल’ पेटीवर दुवा आणि एक वाक्याची विनंती पाठवावी. मॉडरेटरला खासगी संदेश नको, तो बाकीच्या मॉडरेटरांना दिसत नाही. त्यांच्या कामावर ताण आहे हेही ध्यानात ठेवावं: २०२३ मध्ये रेडिटनं एपीआयला, म्हणजे बाहेरच्या अॅपना रेडिटचा मजकूर पुरवणाऱ्या सोयीला, जुलैपासून दर लावायचं ठरवल्यावर जूनमध्ये हजारो सबरेडिट निषेध म्हणून काही दिवस कुलूपबंद राहिली, आणि अनेक मॉडरेटर वापरत ती अपोलोसारखी लोकप्रिय अॅप बंद पडली.

आता चार तारे कुठून आले ते. ‘रँडम अॅक्ट्स ऑफ पिझ्झा’ हे सबरेडिट २०१० पासून चालतं: अडचणीतला माणूस लिहितो, कोणीतरी अनोळखी त्याला पिझ्झा पाठवतो. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी तिथल्या पाच हजारांहून अधिक विनंत्या तपासल्या तेव्हा साधारण चारातली एक सफल झालेली आढळली. नोकरी, पैसा, कुटुंब यांतली नेमकी अडचण सांगणाऱ्या, सविस्तर लिहिलेल्या, आभार मानणाऱ्या आणि ‘जमेल तेव्हा मीही कोणाला तरी देईन’ म्हणणाऱ्या विनंत्यांना जास्त यश मिळालं होतं. नुसती खाण्याची इच्छा सांगणाऱ्या मागे पडल्या. थोडक्यात, ‘कोणी मदत करेल का?’ एवढं लिहून बसू नये. काय झालं, किती दिवसांची गरज आहे, पैसे कधी येणार, नेमकं काय हवं, एवढं लिहावं. पुरावा असेल तर नाव-पत्ता झाकून फोटो जोडावा. मदत पोचली की त्याच पोस्टवर तसं कळवावं, ही गोष्ट फार लोक विसरतात.

रेडिटनं या चांगुलपणाची कदर केली असं मात्र नाही. २००९ पासून चालत आलेली ‘सिक्रेट सांता’ ही भेटींची देवघेव कंपनीनं २०२१ च्या फेरीनंतर बंद केली. त्यात बिल गेट्सनीही अनेकदा अनोळखी लोकांना भेटी पाठवल्या होत्या, आणि ज्यांना काहीच मिळालं नाही त्यांना दुसऱ्यांदा जोडून घ्यायला स्वयंसेवक उभे राहायचे. कंपनीची तशी व्यवस्था आज रेडिटवर नाही.

देणाऱ्यांनी काही गोष्टी पाळाव्यात. मागणाऱ्याचं खातं किती जुनं आहे आणि आधी काय लिहिलंय ते पाहावं. २०२५ पासून प्रोफाइलवरचा इतिहास लपवता येतो. लपवणं गुन्हा नाही, पण पैशांची मागणी असेल तर तो उघडा करायला सांगणं रास्त आहे. रोख रक्कम पाठवण्यापेक्षा वस्तू किंवा जेवण थेट मागवून द्यावं. मदत मागणारी पोस्ट टाकताच खासगी चॅटमध्ये ‘मी देतो, आधी प्रक्रिया शुल्क भरा’ म्हणणारे येतात. ते सगळे ठग समजावेत आणि ब्लॉक करावेत. व्यवहाराचं बोलणं पोस्टखालीच ठेवावं, पत्ता तेवढा खासगीत द्यावा. दुःखाची पोस्ट टाकल्यावर ‘रेडिट केअर्स’चा, म्हणजे मानसिक आधार कुठे मिळेल हे सांगणारा, संदेश आला तर घाबरू नये. कोणाला तरी काळजी वाटली की तो येतो, पण वादात समोरच्याला डिवचायलाही तो वापरला जातो. तसं वाटलं तर त्याच संदेशातून गैरवापराची तक्रार करता येते आणि असे संदेश कायमचे बंदही करता येतात.