तोंडावाटे अ‍ॅलर्जी चाचणी : एका दवाखान्याच्या सेवेचा अनुभव

माझी लेक दोन वर्षांची असताना शेंगदाण्याचा एक घास पोटात गेला आणि तिच्या अंगावर गांधी उठल्या. तेव्हापासून आमच्या घरात शेंगदाणा बंद आहे. आता ती सात वर्षांची आहे आणि अलीकडच्या रक्ततपासणीत शेंगदाण्याविरुद्धच्या आयजीई प्रतिपिंडांचे (अ‍ॅलर्जी घडवणाऱ्या रक्तातील प्रथिनांचे) प्रमाण बरेच उतरलेले दिसले. मात्र रक्ताची किंवा त्वचेवरची चाचणी शरीर त्या पदार्थाबाबत संवेदनशील आहे एवढेच दाखवते. खाल्ल्यावर त्रास होईल की नाही, याचा निकाल अखेर प्रत्यक्ष खाऊनच लागतो. ते खाणे डॉक्टरांच्या देखरेखीखाली करवून घेणाऱ्या एका अ‍ॅलर्जी दवाखान्याविषयी हे लिहीत आहे.

आमची पहिली खेप वाया गेली आणि त्याचा दोष मी दवाखान्याच्या फोनवरील कर्मचाऱ्यांना देते. अ‍ॅलर्जीची गोळी सात दिवस बंद ठेवा, असे त्यांनी सांगितले होते आणि आम्ही ते काटेकोरपणे पाळले. परंतु सर्दीच्या अनेक सिरपमध्येही अँटिहिस्टामिन, म्हणजे अ‍ॅलर्जीच्या गोळीतले तशाच प्रकारचे औषध, असते, हे कोणी सांगितले नाही आणि तीनच दिवसांपूर्वी मी मुलीला असे एक सिरप दिले होते. डॉक्टरांनी बाटलीवरचा बारीक मजकूर वाचला आणि चाचणी तेथेच रद्द केली. या औषधामुळे सुरुवातीची लक्षणे झाकली जातात आणि शरीर कुरकुरत असतानाही मात्रा वाढवली जाते, असे त्यांनी समजावले. रजा फुकट गेल्याचा राग होताच, तरीही डॉक्टरांवरचा माझा विश्वास त्या नकारामुळेच बसला.

दुसऱ्या खेपेस पहिला घास देण्याआधी मुलीची छाती, नाडी, रक्तदाब, रक्तातील ऑक्सिजन आणि अंगावरची त्वचा तपासण्यात आली. सिस्टरांनी तिचे वजन केले, ते 22 किलो भरले. मग त्यांनी ट्रेमधल्या सिरिंजवर चिकटपट्टी लावून पेनाने ‘0.22 मिलि’ असे लिहिले, किलोमागे 0.01 मिलिग्रॅम या हिशेबाने काढलेली ती तीव्र अ‍ॅलर्जी आवरणाऱ्या अ‍ॅड्रेनलिनची मात्रा होती (त्या द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम औषध असते). शेजारी ऑक्सिजन, लहान मुलाच्या मापाचा मास्क, नेब्युलायझर आणि सलाइन तयार होते.

शेंगदाण्याची पूड फळाच्या गरात मिसळून, प्रथिनांच्या हिशेबाने 1, 3, 10, 30, 100 मिलिग्रॅम अशा चढत्या मात्रा दर वीस मिनिटांनी दिल्या गेल्या. मधला वेळ अतिशय कंटाळवाणा जातो, तेव्हा पुस्तके व रंगखडू घरूनच न्यावेत. 100 मिलिग्रॅमनंतर लेकीने घशात गुदगुल्या होत असल्याचे सांगितले. डॉक्टरांनी चाचणी थांबवलीही नाही आणि रेटलीही नाही. तिला पुन्हा तपासून, वीसऐवजी चाळीस मिनिटे थांबून, तक्रार पूर्ण गेल्यावरच पुढची मात्रा दिली.

ती मात्रा होती 300 मिलिग्रॅम, म्हणजे साधारण एका दाण्याहून किंचित जास्त. दहा-बारा मिनिटांनी एरवी अखंड बडबडणारी माझी मुलगी गप्प झाली आणि कान चोळू लागली. मला ती कंटाळल्यासारखी वाटली. सिस्टरांनी मात्र लगेच तिची कॉलर बाजूला केली, तर मानेवर गांधी उठू लागल्या होत्या. पाठोपाठ दोन उलट्या झाल्या. डॉक्टरांनी तिला आडवे केले आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, ते तयार इंजेक्शन दिले. आधी अ‍ॅलर्जीची गोळी देऊन पाहू, असे मी म्हणणारच होते. त्वचा आणि पोट अशी दोन्हीकडे लक्षणे असताना अ‍ॅड्रेनलिनला पर्याय नसतो, गोळीने खाज कमी होते पण श्वास व रक्तदाब सावरत नाही, हे त्यांनी नंतर सांगितले. त्या क्षणी त्यांनी माझ्याशी चर्चा केली नाही, हेच योग्य झाले. दहा मिनिटांत तिचा चेहरा निवळला. उठून बसण्याचा तिचा हट्ट मात्र कोणी पुरवला नाही, कारण अशा वेळी एकाएकी उभे राहिल्यास रक्तदाब कोसळू शकतो. लक्षणे काही तासांनी उलटून येऊ शकतात, म्हणून पुढे चार तास आम्हाला तेथेच ठेवून घेतले.

त्रुटी सांगायच्या तर, चाचणीच्या दोन खाटांमध्ये पडदासुद्धा नव्हता, त्यामुळे शेजारचा लहान मुलगा हा सारा प्रकार डोळे विस्फारून पाहत होता आणि नंतर त्याने स्वतःचा घास घेण्यास साफ नकार दिला. निघताना घरी घ्यायची काळजी घाईघाईने तोंडी सांगण्यात आली. कोणत्या लक्षणाला काय करायचे, याची लेखी योजना मी मागितली तेव्हा मिळाली. घरी ठेवायचे इंजेक्शन कसे द्यायचे, हे मात्र सिस्टरांनी सरावाच्या पेनवर (पेनासारख्या नकली इंजेक्शनवर) माझ्याकडून दोनदा करवून घेतले आणि दुसऱ्यांदाही माझा अंगठा चुकीच्या टोकावर होता, म्हणून तिसऱ्यांदा. पाचपैकी चार गुण देते. पुढची चाचणीही येथेच करणार आहोत, सिरपची बाटली आधी दाखवून.