गोल्डस्टोनच्या नावाखाली चोपडलेली काच

गॅस टॉर्चच्या ज्योतीवर काचेचे मणी करणाऱ्यांनी हे आधी वाचा, मग सनसिताऱ्याची ऑर्डर द्या.

सनसितारा म्हणजे गोल्डस्टोन. खडेवाले तो नैसर्गिक दगड म्हणून बिनधास्त खपवतात, पण ती काचच. व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर १७व्या शतकापासून होत आलेली. वितळलेली काच कमी ऑक्सिजनमध्ये अगदी सावकाश थंड केली की तिच्यातल्या तांब्याचे बारीक स्फटिक तयार होतात आणि तेच चमकतात. म्हणजे चमक काचेच्या पोटात असते. ढेप फोडली तर बाहेरचा थर उलट मंदच निघतो, उत्तम माल मधला.

मी लातूरची. तेरच्या लामतुरे संग्रहालयातले जुने मणी पाहून हा नाद लागला, आता त्यावरच पोट आहे. मण्यावर चमकती रेघ काढायला स्ट्रिंगर लागतात, म्हणजे दोनेक मिलिमीटर जाडीच्या काचेच्या काड्या. व्हॉट्सअॅपवर एकाने विचारलं, "ताई, इटलीचा गोल्डस्टोन आहे, १०४ चा. नमुना पाठवू?" १०४ हा काचेचा प्रसरणांक, म्हणजे तापल्यावर काच किती फुगते त्याचा अंक. आमची मऊ काच त्याच अंकाची असते, आणि न जुळणारी काच लावली तर मणी थंड होताना तडकतो.

नमुन्याचा खडा अस्सल होता. थेट ज्योतीत धरला तर फुटतो, म्हणून आधी भट्टीत तापवला. मग पारदर्शक काचेच्या कांडीच्या टोकावर उचलून वर पारदर्शक काचेचं कवच चढवलं, कारण उघडा गोल्डस्टोन ज्योतीत जास्त तापला की चमक मरते आणि तपकिरी डाग उरतो. गोळा मऊ झाल्यावर ज्योतीबाहेर काढायचा, क्षणभर थांबायचं आणि चिमट्याने एका लयीत ओढायचं. काडी सुरेख निघाली. माझ्या नेहमीच्या काचेसोबत जोडून ओढली तरी धागा सरळच राहिला. दोन काचा जुळत नसतील तर धागा जास्त प्रसरणांकाच्या काचेकडे वाकतो.

मग दोन किलोचे पैसे आगाऊ पाठवले. पार्सलमध्ये वर ओंजळभर अस्सल खडे, खाली सगळ्या तपकिरी कांड्या, उन्हात लखलखणाऱ्या. ज्योतीत धरताच धूर, लॅकरचा म्हणजे वॉर्निशसारख्या लेपाचा वास, आणि चमक गायब.

फोन केला तर शांतपणे म्हणतो, "ताई, तुमची आग जास्त आहे. गोल्डस्टोन जळतोच." या माणसाची खरी चलाखी इथे आहे. गोल्डस्टोन खरंच बिघडतो, त्यामुळे नवीन माणूस स्वतःच्या हातालाच दोष देत बसणार. मी वाद ज्योतीवर नेलाच नाही. थंड कांडी फडक्यात गुंडाळून, चष्मा लावून मधोमध तोडली. आत साधी तपकिरी काच, एक कण नाही. नेलपॉलिश रिमूव्हरचा बोळा फिरवला तर सोनं बोळ्यावर! अभ्रकाची पूड लॅकरमध्ये कालवून चोपडली होती. हे फोटो पाठवल्यावर मला ब्लॉक केलं.

माल आल्या आल्या हे दोन्ही करून बघा, तेही पार्सलच्या तळाच्या कांडीवर. पाकीट फोडतानाचा व्हिडिओ घ्या, वजनकाटा फ्रेममध्ये ठेवा. पैसे घेऊन काहीच पाठवलं नाही तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन लावा, जितका उशीर तितकी रक्कम पुढे सरकते. मला आला तसा बनावट माल आला असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

ब्लॉक करण्याआधी त्याने एक दमही दिला होता : "तुम्ही धंद्यासाठी घेतलं, तुम्ही ग्राहक नाही." २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी खरेदी वगळली आहे हे खरं, पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेला माल व्यापारी खरेदीत धरत नाहीत. शिवाय तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, विक्रेत्याच्या गावाला जावं लागत नाही. माझी कागदपत्रं लातूरलाच दाखल होतील.

हा माणूस नंबर बदलून पुन्हा विकतोय. विक्रीचा व्हिडिओ तोच आहे : गच्चीवर ऊन, हातात कांड्यांचा जुडगा, आणि एकही कांडी तोडून दाखवलेली नाही. तोडून दाखवायला सांगा.