शाळेत जाऊन शिकवावं की व्हिडिओ कॉलवर?

सरकारी शाळेतल्या मुलांना अभ्यासात मदत करायची एवढं ठरलं, की पुढचा प्रश्न येतोच: आठवड्यातून एकदा शाळेत जायचं, की घरूनच व्हिडिओ कॉलवर एकेका मुलाला घ्यायचं? मी दोन्ही केलंय. आधी वर्षभर ऑनलाइन, मग शाळेत. अजूनही शाळेतच जातो.

ऑनलाइनची बाजू भक्कम आहे, हे आधीच सांगतो. जाण्यायेण्याचा वेळ वाचतो, म्हणून आपले खाडे कमी होतात, आणि ताई-दादा ठरल्या दिवशी येतात याची मुलांना फार किंमत असते. शिवाय समोर एकच मूल. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ साली मांडलं होतं, की एकेकट्याला बसवून शिकवलेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या सुमारे ९८ टक्के मुलांच्या पुढे जातो. नंतरच्या अभ्यासांत इतका मोठा फरक दिसला नाही, पण फायदा दिसलाच. शाळेत मात्र माझ्याकडे एकदम चौघं असतात, मोकळी खोली शोधण्यात दहा मिनिटं जातात, परीक्षा जवळ आली की तास रद्द होतो.

तरी मी बदललो, ते एका वजाबाकीमुळे.

५०३ वजा १७८. कॉलवरचा मुलगा म्हणायचा, ३३५. मी म्हणायचो, पुन्हा करून बघ. पुन्हा ३३५. वहीचा फोटो मागितला की सुवाच्य अक्षरात उतरवून काढलेलं गणित यायचं, खाडाखोड नावाला नाही. कच्चं काम मागच्या पानावर, आणि ते पान दाखवायची त्याला लाज वाटायची. कित्येक आठवडे मी त्याला ‘नीट लक्ष दे’ एवढंच सांगत राहिलो. याची मला आजही रुखरुख आहे.

पुढे शाळेत एका मुलीने माझ्या शेजारी बसून अशीच वजाबाकी केली. ५ खोडून वर ४, शून्याचे १०, ३ चे १३. दहातला एक एककाला दिला, पण दहाचे नऊ करायचे राहिले. बोट ठेवून विचारलं, “हा एक कुठून आला?” तिने क्षणभर पाहिलं, १० खोडून ९ लिहिले, आणि उत्तर आलं ३२५. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या संशोधकांनी १९७८ साली वजाबाकीतल्या चुकांबद्दल हेच दाखवलं होतं: अनेकदा मूल बेफिकीर नसतं, ते एक चुकीची रीत इमानाने पाळत असतं. ती रीत एकट्या उत्तरावरून सहसा कळत नाही. ती कच्च्या कामात दिसते.

तुमचा अनुभव वेगळा असू शकेल. मोठ्या वर्गातली मुलं असतील, निबंध किंवा इंग्रजी संभाषण घ्यायचं असेल, तर ऑनलाइन बहुधा पुरेल. पण प्राथमिकचं गणित असेल आणि शाळा गाठणं जमण्यासारखं असेल, तर मी तरी शाळेतच जायला सांगेन, चौघांत एक तास वाटावा लागला तरी.

ऑनलाइनच जमणार असेल, तर फोन पहिल्या दिवसापासून वहीवर रोखायला सांगा. चेहरा दिसला नाही तरी चालेल.