टिश्यूच्या नोंदींसाठी डार्विन कोअर आणि जीजीबीएन: आठ महिन्यांनंतर

आमच्या प्रयोगशाळेत उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये सह्याद्रीतल्या बेडकांच्या आणि पालींच्या टिश्यू, म्हणजे ऊतींचे नमुने, आहेत. त्यांच्या नोंदी जुन्या वहीतून आणि चार एक्सेल शीटांमधून उचलून डार्विन कोअरमध्ये (जैवविविधतेच्या नोंदींसाठी ठरवलेल्या रकान्यांचं प्रमाण), आणि जिथे ते पुरत नाही तिथे जीजीबीएनच्या (ग्लोबल जीनोम बायोडायव्हर्सिटी नेटवर्क, टिश्यू आणि डीएनए संग्रहांचं जाळं) संज्ञांमध्ये बसवायला घेतल्या, त्याला आठ महिने झाले.

सर्वांत जास्त उपयोग झाला 'मटेरियल सॅम्पल आयडी'चा, म्हणजे प्रत्येक नमुन्याच्या स्वतंत्र नंबराचा. आधी पाल, तिचं यकृत आणि यकृतातून काढलेला डीएनए या तिघांना एकच नंबर होता. एक व्हायल (टिश्यूची छोटी कुपी) संपून गेली तरी वहीत 'आहे' असंच राहिलं, कारण बरणीतली पाल जागेवर होती. आता तिघांना तीन नंबर, आणि कोण कशातून आलं तेही लिहिलेलं. 'डिस्पोझिशन'च्या, म्हणजे नमुन्याच्या सद्यस्थितीच्या, रकान्यात व्हायल संपली आणि पाल संग्रहात आहे, हे वेगवेगळं सांगता येतं.

ठिकाणाच्या रकान्यांनी मात्र घाम काढला. एका लेबलवर एवढंच होतं: 'बुफो, आंबोली घाट, धबधब्याच्या वर'. बुफो हे टोड बेडकांच्या गटाचं शास्त्रीय नाव. पुढे कुणीतरी त्याचे अक्षांश-रेखांश सहा दशांश स्थळांपर्यंत भरले होते, म्हणजे जणू वीतभर जागा नेमकी माहीत होती. आता मूळ शब्द 'व्हर्बेटिम लोकॅलिटी'त जसेच्या तसे ठेवले आणि अनिश्चितता, म्हणजे खरी जागा त्या बिंदूपासून किती दूर असू शकते ते अंतर, २००० मीटर लिहिली. या रकान्यात शून्य चालत नाही, हा नियम मला फार आवडला. आंबोली टोडचं शास्त्रीय वर्णन २००९ साली झालं, त्याआधीच्या लेबलवर ते नाव कुठून असणार? लेबलवरचं गावाचं नाव पुसलं गेलं असतं, तर ते टिश्यू आंबोली टोडचं की कोयना टोड या त्याच्या भावंडाचं, हे डीएनए काढेपर्यंत कळलं नसतं.

नमुन्यांच्या कायदेशीर परवान्याच्या संज्ञा जीजीबीएनच्या. 'परवाना आहे', 'गरज नाही', 'परवाना नाही' आणि 'माहीत नाही' असे चार पर्याय. आम्ही रिकामा रकाना म्हणजे 'गरज नसावी' असं धरून चालायचो, ते चूक होतं. प्रत्येक व्हायलपाशी थांबून फाइल शोधावी लागली, दोन महिने त्यातच गेले. पण बाहेरच्या संस्थेला नमुना देता येईल का, हे आता फ्रीझर न उघडता सांगता येतं.

एक अडचण उरलीच. टिश्यू कशात आणि किती तापमानाला ठेवलं हे नीट लिहिता येतं, पण व्हायल किती वेळा वितळली ते आम्हाला शेऱ्यांत लिहावं लागत होतं. डीएनए तुटण्याचं ते मोठं कारण, आणि शेऱ्यांवरून छाननी करता येत नाही. म्हणून स्वतःचा एक आकड्याचा रकाना जोडला.

छोट्या संग्रहाने सगळ्या संज्ञा एकदम घेऊ नयेत. वेगळे नंबर, मूळ ठिकाण, अनिश्चितता आणि परवाना एवढ्यांनी सुरुवात करा. आमच्या २०१२ आधीच्या व्हायल अजून बाकी आहेत. शाई उडायच्या आत त्या लेबलांचे फोटो काढणं सध्या चालू आहे.