रस्ट कन्व्हर्टर आणि टू-पॅक एपॉक्सी प्रायमर : एका कोकणी पावसाळ्यानंतरचा अभिप्राय

वडिलांनी घेतलेली १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी रत्नागिरीच्या आमच्या घरी अजून चालती आहे. इंजिनाने कधी फारसा त्रास दिला नाही, पण पत्र्याने दिला. खारा वारा आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे जाणारा पाऊस यांच्यापुढे जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास जाडीचा पत्रा किती टिकणार? शिवाय या गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा आहे. त्यामुळे फ्लोअर आणि दारांखालच्या पोकळ पट्ट्या, ज्यांना गॅरेजवाले रनिंग बोर्ड म्हणतात, त्या गंजल्या की प्रश्न गाडीच्या रूपाचा राहत नाही, आत बसणाऱ्यांच्या जिवाचा होतो.

गेल्या फेब्रुवारीत मी हे काम हाती घेतले आणि त्यासाठी रंगाच्या दुकानातून दोन वस्तू आणल्या: टॅनिक आम्लावर आधारलेला रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंजावरच लावायचा द्राव, आणि हार्डनरसह (रेझिन घट्ट करणाऱ्या दुसऱ्या घटकासह) मिळणारा टू-पॅक एपॉक्सी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा थर. ज्या दोन दारांवर हे काम केले ती पावसाळा उलटून गेल्यावर उघडून पाहिली आणि मगच हा अभिप्राय लिहायला बसलो. कन्व्हर्टरच्या कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण माझी तक्रार एका डब्याची नसून अशा डब्यांवर सर्रास छापल्या जाणाऱ्या आश्वासनाची आहे.

ते आश्वासन असे की सुटा गंज ब्रशने झटकावा, उरलेल्या गंजावर द्राव थेट लावावा आणि वर रंग द्यावा. द्राव दुधासारखा पांढरा असतो. तांबूस गंजावर तो फिरवला की काही मिनिटांतच जांभळट छटा येते आणि तासाभरात पत्रा शाईसारखा काळा होतो. शाईची उपमा सहज सुचलेली नाही. हिरड्यात टॅनिन भरपूर असते आणि हिरड्याच्या काढ्यात हिराकस (लोहाचा क्षार) मिसळून काळी शाई करण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. टॅनिन आणि लोह एकत्र आले की निळसर काळे संयुग तयार होते, तेच इथे गंजावर घडते. द्रावातला पॉलिमर त्यावर पातळ पापुद्रा धरतो. रसायन खरे आहे आणि ते काम करते, यात मला शंका नाही.

अडचण गंजाच्या खोलीची आहे. द्राव भिजवू शकेल तेवढाच गंज तो बदलतो. जुन्या गाडीच्या दाराच्या खालच्या घडीत गंज पापुद्र्यांवर पापुद्रे चढलेला असतो. वरचा थर काळा होतो, खालचा तांबडाच राहतो आणि त्यात अडकलेले मीठ व ओल जागच्या जागी राहते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे आतून तो वाढू लागला की वरचा रंग फुगवून उचलतो.

हे पुस्तकी न राहावे म्हणून मी दोन दारांवर दोन रीती वापरल्या. डाव्या दारावर डब्यावरच्या सूचना अक्षरशः पाळल्या. उजव्या दाराचा रंग आधी स्क्रेपरने काढला, ग्राइंडरला कप ब्रश (तारांचा वाटीसारखा ब्रश) लावून पापुद्रे उडवले आणि मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकता पत्रा दिसेपर्यंत घासले. घासताना एक गोष्ट लक्षात आली, जी सगळ्या जुन्या गाडीवाल्यांनी करून पाहावी. मागच्या मडगार्डच्या कमानीवर फडक्यात गुंडाळलेला लोहचुंबक फिरवला तेव्हा वीतभर जागेत तो धरेचना, हातातून सरळ खाली पडला. तिथे पत्रा नव्हताच, कुणीतरी कधीकाळी पुट्टीने भोक बुजवले होते. पॉलिएस्टर पुट्टी ओल शोषते आणि उघड्या पत्र्यावर थेट भरली की तिच्याआड गंज निवांत वाढतो. एवढा भाग कापून नवा पत्रा वेल्डिंगने बसवावा लागला. तिथे कोणतेही द्रावण कामाचे नव्हते, कारण जे उरलेच नाही ते बदलणार कसे? वेल्डिंगपूर्वी बॅटरी सोडवून ठेवावी आणि पेट्रोलची टाकी जवळ असेल तर ती उतरवावी, यात हयगय करू नये.

उजव्या दारावर घासूनही सुईच्या टोकाएवढ्या खड्ड्यांत काळपट ठिपके उरले होते. तिथे मी फॉस्फोरिक आम्लाचा सौम्य द्राव हातमोजे घालून लावला, ठिपके करडे झाल्यावर पाण्याने नीट धुतला आणि हेअर ड्रायरने लगेच कोरडा केला. धुणे टाळू नये. आम्लाचा अंश राहिला तर एपॉक्सी नीट पक्का होत नाही आणि पुढे पोपडे धरतो. आणि धुतल्यावर रेंगाळूही नये. आमच्याकडच्या हवेत उघडा पत्रा सकाळी घासला तर संध्याकाळपर्यंत त्यावर पिवळसर झाक येते. म्हणूनच हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऊन चढल्यावर करावे.

आता एपॉक्सी प्रायमरविषयी, आणि इथे मला मोकळेपणाने स्तुती करायची आहे. आपल्याकडे लोखंड म्हटले की हात रेड ऑक्साइडकडे जातो. खिडकीच्या गजांना तो ठीक आहे, पण एका डब्यातला साधा रेड ऑक्साइड ओल पूर्णपणे अडवत नाही. त्यावर वेळेत रंग चढला नाही तर पाणी त्यातून झिरपते. टू-पॅक एपॉक्सीत रेझिन आणि हार्डनर यांची रासायनिक गाठ बसते आणि पत्र्याला बिलगलेले घट्ट कवच तयार होते. प्रमाण डब्यावर दिले असेल तेच मोजून घ्यावे, अंदाजपंचे ओतू नये. मिसळलेला माल ठरावीक वेळेतच वापरावा लागतो, म्हणून मी एका दारापुरताच कालवला. मास्क मात्र फडक्याचा चालत नाही, वाफा अडवणाऱ्या गाळण्यांचा (कार्ट्रिजचा) हवा. पुट्टी लागलीच तर या थरावर भरावी, त्याच्याखाली नव्हे.

सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे पाणी निचरण्याची भोके. दाराच्या तळाशी ती असतात आणि वर्षानुवर्षांच्या चिखलाने बुजतात. काचेच्या रबरातून आत उतरलेले पाणी मग दारातच साचते. मी तारेने ती मोकळी केली, त्यातून मूठभर तांबडी माती निघाली, आणि दोन्ही दारांच्या आत तसेच रनिंग बोर्डच्या पोकळीत नळीने कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळ भागांसाठीचे गंजरोधक मेण, फवारले. जुने इंजिन ऑइल फासण्याची पद्धत मला पटत नाही. ते ठिबकते, धूळ धरते आणि रबरांना खराब करते.

नोव्हेंबरमध्ये तपासले तेव्हा डाव्या दाराच्या खालच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढे सात-आठ फोड आले होते. एक नखाने उचलला तर खाली ओलसर तांबडी भुकटी होती. भोके मोकळी होती, वॅक्सही तेच होते, फरक फक्त खालच्या तयारीचा होता. उजव्या दारावर एकही फोड नाही.

म्हणून माझे मत असे आहे. एपॉक्सी प्रायमर मी पुन्हा घेईन, तो कन्व्हर्टरपेक्षा बराच महाग असला तरी. रस्ट कन्व्हर्टर फक्त लहान डब्यात घ्यावा आणि ब्रश पोहोचतो पण ग्राइंडर पोहोचत नाही अशा जागी, बिजागऱ्यांच्या मागे किंवा सीटच्या पट्ट्यांखाली, पापुद्रे शक्य तेवढे खरवडूनच वापरावा. त्या जागी त्याने मला निराश केलेले नाही. डावे दार येत्या फेब्रुवारीत पुन्हा पत्र्यापर्यंत उघडायचे आहे, आणि त्यासाठीचा एपॉक्सीचा संच आणून ठेवला आहे.