एकच अल्बम, दोन मिक्स: ‘इन युटेरो’ची वाढीव आवृत्ती

निर्वाना या बँडचा ‘इन युटेरो’ हा तिसरा आणि अखेरचा स्टुडिओ अल्बम सप्टेंबर १९९३ मध्ये आला आणि वीस वर्षांनी, २०१३ साली, त्याची वाढीव आवृत्ती निघाली. अशा आवृत्त्यांमध्ये बहुधा मूळ अल्बमचा आवाज थोडा चढवलेला असतो आणि कपाटात पडून राहिलेले काहीबाही त्याला जोडलेले असते. तसा भाग इथेही आहे. परंतु मूळ ध्वनिमुद्रण करणाऱ्या स्टीव्ह अल्बिनीने त्याच टेपवरून बाराही गाण्यांचे नव्याने मिक्सिंग, म्हणजे वेगवेगळ्या मुद्रित वाद्यांची व आवाजांची जुळणी, केले आहे, आणि माझ्या मते ही आवृत्ती घ्यायची ती त्यासाठीच.

या मिक्सचे महत्त्व कळण्यासाठी अल्बम कसा घडला हे थोडे पाहावे लागते. ‘नेव्हरमाइंड’ या आधीच्या अल्बमच्या चकाकीला कंटाळलेल्या बँडच्या तिघांनी फेब्रुवारी १९९३ मध्ये मिनेसोटातील कॅनन फॉल्स येथील पॅकिडर्म स्टुडिओ गाठला आणि सुमारे दोन आठवड्यांत काम संपवले. अल्बिनी स्वतःला निर्माता म्हणवत नसे. त्याने ठरावीक रक्कम घेतली आणि रॉयल्टी नाकारली. ड्रमवादक डेव्ह ग्रोलच्या ड्रम्सभोवती त्याने तीसएक मायक्रोफोन लावले, तर ‘व्हेरी एप’ आणि ‘टुरेट्स’ या वेगवान गाण्यांचे ड्रम्स शेजारच्या स्वयंपाकघरात मुद्रित केले, कारण तिथल्या भिंतींवरून येणारा नैसर्गिक घुमारा त्याला हवा होता. हा गोंगाट अपघाताने किंवा निष्काळजीपणाने झालेला नाही, तो अत्यंत बारकाईने टिपलेला आहे. पुढे बँडलाच निकालाबद्दल शंका वाटू लागली आणि ‘हार्ट-शेप्ड बॉक्स’ व ‘ऑल अपॉलॉजीज’ ही दोन गाणी नव्याने मिक्स करण्यासाठी स्कॉट लिट या दुसऱ्या निर्मात्याकडे सोपवली गेली. त्यांचे अल्बिनीने १९९३ मध्ये केलेले मिक्सही या आवृत्तीत आहेत.

या गाण्यांचे दोघांचे मिक्स शेजारी शेजारी ठेवून ऐकावेत. अल्बिनीच्या जुन्या ‘हार्ट-शेप्ड बॉक्स’मध्ये गिटारच्या एकल भागावर एक थरथरता इफेक्ट आहे, जो बासवादक क्रिस्ट नोव्होसेलिचला मुळीच आवडला नव्हता. मलाही तिथे त्याचेच म्हणणे पटते: गाण्याची पकड नेमकी घट्ट व्हायला हवी तिथे कान त्या इफेक्टकडे वळतो. लिटच्या मिक्समध्ये गायक-गिटारवादक कर्ट कोबेनने नंतर भरलेले पार्श्वस्वर आणि अकूस्टिक गिटार यांमुळे कडव्याला आधार मिळतो.

२०१३ च्या मिक्समध्ये मात्र अल्बिनीचा हात वेगळाच जाणवतो. वाद्ये एकमेकांपासून सुटी झाली आहेत, बास जागेवर स्पष्ट ऐकू येतो आणि कोबेनचा आवाज गिटारच्या मागून झगडत येण्याऐवजी समोर उभा राहतो. ‘सर्व्ह द सर्व्हंट्स’मध्ये तर गिटारचा एकल भागच निराळा आहे, म्हणजे टेपवर असलेले पण पूर्वी न वापरलेले वादन इथे पुढे आले आहे. ज्याला मूळ अल्बम तोंडपाठ आहे त्याला पहिल्याच गाण्यात हा धक्का बसतो आणि पुढची गाणी तो आपोआप अधिक सावधपणे ऐकू लागतो. ‘मिल्क इट’मध्ये या सुटेपणाचा सर्वाधिक लाभ होतो. कुजबुजता भाग संपून आरडाओरड सुरू होते त्या क्षणी ड्रम्सचा आघात खोलीच्या आकारासकट कानावर येतो. याउलट ‘रेडिओ फ्रेंडली युनिट शिफ्टर’मध्ये फीडबॅकचा, म्हणजे गिटार आणि अँप्लिफायरमधून उठणाऱ्या घोंघावाचा, जो एकसंध, गुदमरवणारा थर होता, तो विरळ झाला आहे. त्या गाण्याचे सारे बळ त्या थरात होते, त्यामुळे तिथे मी जुन्याच मिक्सकडे परत जातो.

डेमोंपैकी, म्हणजे अल्बमपूर्वीच्या कच्च्या मुद्रणांपैकी, खरे ऐकण्यासारखे एकच, ‘सेंटलेस अप्रेंटिस’चा जानेवारी १९९३ मध्ये रिओ दि जानेरोत मुद्रित झालेला खर्डा. ग्रोलच्या रिफवर, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या स्वरतुकड्यावर, तिघे नऊ मिनिटांहून अधिक काळ घासत राहतात आणि पावणेचार मिनिटांचे आटोपशीर गाणे त्या ढिगाऱ्यातून कसे बाहेर आले असेल, याचा अंदाज येतो. या गाण्याचे श्रेय तिघांच्याही नावे का आहे, हे त्यावरून कळते. शब्दांवाचूनचे बाकीचे डेमो संशोधकांपुरतेच आहेत.

या आवृत्तीच्या मोठ्या संचात १३ डिसेंबर १९९३ रोजी सिएटलच्या पिअर ४८ येथे झालेला कार्यक्रम सीडी आणि डीव्हीडी अशा दोन्ही रूपांत आहे. पॅट स्मिअरच्या दुसऱ्या गिटारमुळे कोबेनला गाण्याकडे लक्ष देण्याची मोकळीक मिळाली आहे, आणि अल्बममधील गाणी इथे अधिक भरदार वाजतात. ही डीव्हीडी स्वतंत्रपणेही निघाली असल्यामुळे बहुतेकांनी दोन सीडींची आवृत्ती घ्यावी. नवे मिक्स आणि रिओचा डेमो त्यातही आहेत.