इंग्रजी बोलायचं ॲप, वर्षभर वापरून: ते माणसाला थांबू देत नव्हतं

काल मेसेज आला की ॲपचं पुढच्या वर्षाचं सबस्क्रिप्शन उद्या ऑटोपेने कापलं जाणार, आणि रक्कम गेल्या वर्षीपेक्षा पाचशे रुपयांनी जास्त. कोणी विचारलं नाही, सांगितलं नाही. म्हणून आज लिहायला बसलो. ॲपचं नाव घेत नाही, एआयशी बोलायचं, तो चुका काढतो, मार्क देतो, असली ॲप्स आता ढिगाने आहेत आणि फीचर्स तुम्हाला माहीतच असतील.

आधी माझी परिस्थिती सांगतो, कारण तुमची वेगळी असेल तर यातलं अर्धं तुम्हाला लागू नाही. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला, पिसुर्ल्याला फार्मा कंपनीत पॅकिंगला शिफ्ट ऑफिसर. घरी कोंकणी, चौथीपर्यंत शाळा मराठी, आणि पाचवीला गेलो तर एकदम सगळी पुस्तकं इंग्रजी. गोव्यात माझ्या वयाच्या खूप जणांचं असंच झालंय. पुस्तक इंग्रजी, सर समजावणार कोंकणीत, आणि परीक्षेत उत्तर पाठ करून लिहायचं. 2011 ला इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचं ठरलं तेव्हा माध्यमावरून केवढं रान पेटलं होतं, पण पाचवी ते दहावी मुलं वर्गात तोंड उघडून इंग्रजी बोलतात का, हा प्रश्न मी तरी कुठे ऐकला नाही. त्यामुळे मला वाचता येतं, लिहिता येतं, बॅच रेकॉर्ड रोज इंग्रजीतच भरतो, पण बोलायला गेलं की अडतं. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येतं, इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठ लागतं, ते पुढे ओढून आणायला मला वेळ लागतो. फार नाही, तीन-चार सेकंद.

आणि ॲप नेमकं तेवढंच देत नाही.

उदाहरण देतो. विषय निवडला 'माझं काम'. मी म्हणालो, "बिफोर स्टार्टिंग द बॅच, वी चेक..." आणि पुढचं जुळवतोय तोवर हा सुरू, "ग्रेट! सो यू चेक द मशीन. व्हॉट एल्स डू यू डू?" अरे पण मी मशीन म्हणणारच नव्हतो! मागच्या बॅचची एखादी गोळी, लेबल किंवा कार्टन पॅकिंगच्या लाइनवर राहिलंय का ते बघतो असं सांगायचं होतं, लाइन क्लिअरन्स म्हणजे तेच, आणि कंपनीचं काम तपासायला येणारे ऑडिटर पॅकिंगमधल्या माणसाला पहिल्यांदा तेच विचारतात. माझं वाक्य त्याने पूर्ण केलं, ते पण चुकीचं, आणि वर मला शाबासकी दिली. रोज हेच. मग त्याने मध्ये घुसू नये म्हणून मी तीन-तीन शब्दांची वाक्यं बोलायला लागलो. स्कोअर चढत गेला, लेव्हल वाढली, आणि मोठं वाक्य बोलायची जी थोडीफार हिंमत होती ती पण गेली.

हे का होतं ते नंतर वाचलं. ॲप शांतता मोजतं, ठरावीक वेळ आवाज आला नाही की समजतं याचं बोलून झालं. दहा भाषांमधल्या बोलण्यावर 2009 चा एक अभ्यास आहे, त्यात एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा भागच लागतो असं निघालं. ज्याची ती भाषा आहे त्याला हे चालतं. पण ॲप विकताय कोणाला? ज्याला शब्द शोधायला वेळ लागतो त्यालाच ना? मग त्याच्या हिशोबाने थांबायला नको?

कस्टमर केअरला ईमेल केला. उत्तर, माइकची परमिशन तपासा, नेट तपासा, ॲप परत इन्स्टॉल करा. स्क्रीन रेकॉर्डिंग पाठवलं, परत तेच उत्तर कॉपी पेस्ट. त्या वेळी रिव्ह्यू लिहिला असता तर एक स्टार दिला असता.

पण चवथीनंतर, म्हणजे गणेश चतुर्थीनंतर, एक अपडेट आलं आणि त्यात 'बटण दाबून धरा आणि बोला' असा पर्याय आला. बोट बटणावर आहे तोवर ॲप गप्प. हे आल्यावर माझं मत बदललं, अगदी मनापासून सांगतो. पहिल्या दिवशी लाइन क्लिअरन्सचं पूर्ण उत्तर दिलं, मध्ये भरपूर थांबलो, पण शेवटपर्यंत गेलो. मग तेच उत्तर लगेच परत, आणि परत. तिसऱ्या वेळी अडायच्या जागा कमी होतात, शब्द आधीच काढून ठेवलेले असतात ना. ज्याला कोणाला बोलताना अडतं त्याने हे करून बघा, रोज नवीन विषय घेऊ नका. आणि थांबायचं असेल तेव्हा तोंडाने काहीतरी म्हणायची सवय लावा, "लेट मी थिंक", "व्हॉट आय मीन इज". आपण नुसते गप्प होतो, समोरच्याला वाटतं याला येत नाही.

उच्चाराच्या मार्कांकडे मी आता बघत नाही. एकच गोष्ट कामाची मिळाली, आपल्या एका 'व' मध्ये इंग्रजीचे दोन आवाज जातात. मी इंजेक्शनच्या बाटलीला वायल म्हणायचो, ॲप 'व्हाइल' म्हणजे 'जेव्हा' ऐकायचं. बाटलीच्या वेळी वरचे दात खालच्या ओठाला लावायचे, दुसऱ्याच्या वेळी ओठ गोल करायचे, दातांचा संबंध नाही. आरशासमोर जमलं. बाकी अमेरिकन माणसासारखं वाटावं म्हणून कापलेले मार्क मला नकोत.

फेब्रुवारीत ऑडिट झालं. ऑडिटर युरोपातले, इंग्रजी त्यांची पण दुसरीच भाषा. एरवी असं कोणी लाइनवर आलं की मी मागे सरकायचो. या वेळी माझा जोडीदार कानात म्हणाला, "तूं उलय मरे, हांव आसां," म्हणजे तू बोल रे, मी आहे. गोळ्यांच्या पट्ट्या बनवणाऱ्या ब्लिस्टर मशीनजवळ उभे राहून त्यांनी विचारलं, बॅच बदलताना काय करता? मी सुरू केलं, मध्ये अडलो, "लेट मी थिंक" म्हणालो. ते वहीवर पेन टेकवून उभे राहिले, घाई नाही, काही नाही. मी उरलेलं सांगितलं, कन्व्हेअरच्या खाली, रिजेक्शनच्या ट्रेमध्ये, कोडिंगच्या जागी कुठे कुठे बघतो ते सगळं, आणि मग क्यूएवाला, म्हणजे क्वालिटीचा माणूस, येऊन तपासतो आणि सही करतो. एका गोष्टीवर खात्री नव्हती तिथे एसओपी, म्हणजे कामाची लेखी पद्धत, बघून सांगतो म्हणालो, ते ऑडिटमध्ये चालतं, अंदाजाने बोललेलं चालत नाही. त्यांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला. पुढचा प्रश्न मलाच विचारला, याचा जो आनंद झाला तो कसा सांगू.

तर मग पैसे वसूल झाले का? झाले, पण बटण आल्यानंतरचे. आधीचे चार-पाच महिने फुकट गेले. आणि अजूनही ते बटण आपोआप चालू नसतं, सेटिंग्जमध्ये व्हॉइस, मग ॲडव्हान्स्ड, त्याच्या तळाला आहे. नवीन माणसाला कुठून सापडणार? पहिल्याच स्क्रीनवर विचारा ना बाबांनो, तुम्हाला बोलताना थांबायला लागतं का. आमच्याकडे घराच्या मागच्या खोलीत नेट धड येत नाही, तिथे ॲप काहीच करत नाही, ऑफलाइन रेकॉर्ड करून नंतर तपासायची सोय पण नाही.

वर्षाचा प्लॅन परत घेणार नाही. ऑडिटच्या आधी दोन महिने महिन्याचा प्लॅन घेईन, तो एरवी महाग पडतो पण वर्षभर मला लागत नाही. तुम्ही घेणार असाल तर तसंच करा, आणि ट्रायल असेल तेवढ्यात आधी ते बटण शोधून बघा.

ऑटोपे मी कालच यूपीआय ॲपमध्ये जाऊन, मँडेटच्या, म्हणजे आपोआप पैसे कापायला दिलेल्या परवानगीच्या, यादीतून रद्द केलं. नुसतं ॲप फोनवरून काढलं तर मँडेट चालूच राहतं, पैसे जातात. कापायच्या चोवीस तास आधी कळवायचा नियम आहे, तो मेसेज आला की लगेच करा. तरी कापले आणि परत देत नसतील तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा, तिथे मराठीत बोलता येतं.